दोन वह्यांचा पाऊस

आषाढ लागला म्हणजे मुरबाड-शहापूरकडील कोणत्याही ओटीवर पावसावाचून दुसरा विषय निघत नाही. परगावाहून कोणी आला की त्यास पाण्याचा तांब्या पुढे करण्यापूर्वीच "तुमच्याकडे किती झाला?" हा प्रश्न होतो. या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्याची सोय आपल्या देशात फार प्राचीन काळी झालेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागारापाशी एक अरत्नी रुंद मुखाचे कुंड पर्जन्य मोजण्यासाठी ठेवावे असे सांगितले आहे, आणि निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोणांत दिले आहे. जांगल प्रदेशास सोळा द्रोण, अवंतीस तेवीस. अपरान्ताचे, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचे, माप मात्र दिलेलेच नाही. तेथील पाऊस अपरिमित, एवढे सांगून ग्रंथकार मोकळा झाला आहे.

कोकणातील माणसास यात थोडे भूषण वाटेल, आणि ते वाटण्यास हरकतही नाही. परंतु ज्याचे कापलेले भात खाचरात तरंगू लागले आहे त्याचे काम 'अपरिमित' या विशेषणाने भागत नाही. त्याला मिलिमीटर लागतात. आपल्या राज्यात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे ती अतिवृष्टी समजतात. मग पंचनामे होतात, आणि ज्यांच्या पिकाची हानी ३३ टक्के वा त्याहून अधिक ठरते ते शासनाच्या साहाय्यास पात्र होतात. २०१७ सालापासून महावेध प्रकल्पाखाली मंडळोमंडळी स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, आणि मंडळवार दैनिक पाऊस आता घरबसल्या पाहाता येतो. सोय उत्तम झाली. पण आकडे सर्वांच्या हाती आले म्हणजे वादही सर्वांच्या हाती येतो. तशा एका वादात आम्ही स्वतः कसे तोंडघशी पडता पडता वाचलो, ती हकीकत या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहो. हकीकत आमच्या घरची असली तरी तिच्यातील बोध कोणत्याही घरास उपयोगी पडेल असे वाटते.

आमच्या मुरबाडच्या घरी परसात एक पर्जन्यमापक आहे. वडिलांनी तो झाडांपासून दूर, मोकळ्या जागी बसविला, आणि ते होते तोवर रोज सकाळी साडेआठाच्या ठोक्यास स्वहस्ते पाणी मोजून वहीत मांडीत. त्यांच्या मागे ते काम आमच्याकडे आले. शहापुरास आमचे थोरले बंधू राहातात. त्यांच्याकडेही तसाच मापक आणि तशीच वही आहे. दोन्ही गावांत सरळ रेषेने अंतर वीस-पंचवीस किलोमीटरांचे. दिवाळीस सारे कुटुंब एकत्र जमले म्हणजे दोन्ही वह्या उघडल्या जातात आणि यंदा कोणाचा पाऊस वरचढ झाला याचा निकाल फराळाबरोबर लागतो. इतके दिवस या वह्यांचा उपयोग एवढाच होता.

गेल्या भातकापणीच्या सुमारास आमच्या शेजारच्या खाचरांचे धनी एके सकाळी ओटीवर येऊन बसले. आदल्या दिवशी सरींनी कहर केला होता आणि त्यांचे कापून ठेवलेले भात पाण्याखाली गेले होते. "काका, तुमच्या वहीत काय लागलंय तेवढं सांगा," ते म्हणाले. गावात दुसरी वही नाही, आणि आमच्या घरच्या वहीस आजवर कोणी खोटे म्हटलेले नाही. आम्ही मापकातील पाणी मोजले, नेहमीप्रमाणे वहीत मांडले. आकडा पासष्टाच्या पुष्कळ वर गेला होता. तो आम्ही तारखेसह कागदावर उतरून दिला, आणि त्यांनी त्यावरून अर्ज तयार केला. दोन दिवसांनी ते उतरल्या चेहऱ्याने परत आले. मंडळाच्या जाहीर आकड्यांत त्याच तारखेपुढे नावापुरता पाऊस होता.

आमचा संताप अनावर झाला. शेतात गुडघाभर पाणी आणि नोंदीत चार थेंब! यंत्र बिघडले असेल, नाही तर यंत्र पाहाणारा निजला असेल, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. त्याच रात्री आम्ही वर्तमानपत्रास धाडण्यासाठी एक जळजळीत पत्र लिहून काढले. सुदैवाने दिवाळी तोंडावर आली होती, आणि सणाच्या गडबडीत ते पत्र टपालात पडावयाचे राहिले.

दिवाळीस शहापूरची पुतणी आली. तिचे काम संगणकाचे. पत्र तिला वाचून दाखविले तेव्हा प्रशंसेची अपेक्षा होती, पण तिने विचारले, "काका, दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यात का?"

"पाहिल्या की. त्या दिवसाची पाहिली."

"आणि बाकीच्या दिवसांची?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. रागावलेला मनुष्य आपणास हवा तेवढाच दिवस पाहातो, हे आम्ही इतरांस अनेकदा सांगितले असेल. पण स्वतःवर प्रसंग आला तेव्हा आठवले नाही.

दुपारी वही उघडून घरातील मंडळी आकडे वाचू लागली आणि पुतणी ते संगणकात टिपू लागली. जूनपासून ऑक्टोबरअखेर १५३ दिवस. दिवसास एक ओळ. ही झाली आमची फाइल. मंडळाचे जाहीर आकडे तिने त्याच बेताने दुसऱ्या फाइलीत उतरविले. मग तिने एक काळा पडदा उघडला, ज्यावर चित्र नाही, बटण नाही, केवळ आज्ञा लिहावयाची एक ओळ आहे. त्या ओळीवर 'डिफ' हा शब्द व त्यापुढे दोन्ही फाइलींची नावे लिहिली की काम झाले.

या डिफची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डग्लस मॅकइलरॉय यांनी हे साधन रचले, आणि त्यामागील गणिती रीत १९७६ साली जेम्स हंट यांच्यासह प्रसिद्ध केली. लिनक्स पद्धतीच्या संगणकावर ते बहुधा आधीच असते. वेगळे मोल द्यावे लागत नाही. दोन फाइलींत त्याच क्रमाने येणाऱ्या समान ओळींची अधिकात अधिक लांब मालिका कोणती, हे ते शोधून काढते. त्या मालिकेत जे बसत नाही ते दाखविते: ही ओळ एकीत अधिक आहे, ही दुसरीत अधिक आहे, ही दोहोंत निराळी आहे. दोन्ही फाइली तंतोतंत एक असतील तर ते अवाक्षरही काढीत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली गेली व १९६६ साली पूर्ण झाली, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तेथे पंडितांनी नाना लिपींतील पोथ्या समोर मांडून श्लोकाश्लोकाचे पाठभेद टिपले. डिफ हे पाठभेद टिपणाऱ्या लेखकाचेच काम करते. मात्र संपादकाचे करीत नाही. भेद कोठे आहे ते सांगते, खरा पाठ कोणता ते सांगत नाही. ही मर्यादा ध्यानात न घेतल्यास काय होते, ते आम्हांस लगेच दिसले.

पहिल्याच आज्ञेसरशी पडदा भरून वाहू लागला. एकही ओळ जुळली नव्हती! "पाहा," आम्ही विजयाने म्हणालो, "एक दिवसही खरा नाही त्यांचा." पुतणी हसली. "काका, एकही ओळ जुळत नाही तेव्हा चूक बहुधा विचारणाऱ्याची असते." आणि तसेच निघाले. विंडोज पद्धतीच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या अंती डोळ्यांस न दिसणारी एक अधिक खूण असते. दुसरीत ती नव्हती. मनुष्यास जी ओळ एकच दिसते ती यंत्रास दोन दिसते. ती खूण काढून टाकली. तरीही ओळी जुळेनात, कारण दोन मापक दोन ठिकाणी असता त्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे येणे शक्य नाही. एकात बारा आणि दुसऱ्यात साडेतेरा आले तर ते भांडणाचे कारण नव्हे. पण डिफला बारा व साडेतेरा यांतील अंतर आणि बारा व दोनशे यांतील अंतर सारखेच.

तेव्हा तिने युक्ती केली. हवामान विभागाच्या वर्गवारीप्रमाणे अडीच मिलिमीटरांपासून साडेपंधरापर्यंत हलका, तेथून ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, त्यापुढे अतिजोरदार. अडीचाच्या आतील दिवस तिने कोरड्यात धरले. प्रत्येक आकड्याच्या जागी या वर्गाचे एकेक अक्षर घातले, तारखा काढून टाकल्या, आणि पावसाळ्याची जणू अक्षरमालाच करून दोन्ही फाइली पुन्हा डिफपुढे ठेवल्या.

या वेळी पडद्यावर फार थोड्या ओळी आल्या. मंडळाच्या यादीत आरंभाजवळ एक ओळ अधिक होती, आमच्या वहीत अखेरीजवळ एक ओळ अधिक होती. मधला सारा पावसाळा, आठ-दहा दिवस सोडले तर, जुळलेला होता. म्हणजे भेद पावसाचा नव्हता. एक अख्खी नोंद दुसरीपेक्षा एका दिवसाने सरकलेली होती.

कारण कळावयास वेळ लागला नाही. हवामान विभागाच्या रीतीप्रमाणे सकाळी साडेआठास मागील चोवीस तासांचा पाऊस मोजतात, आणि तो मोजणीच्या तारखेपुढे लिहितात. २००५ साली मुंबईस बुडविणारा पाऊस अवघ्या महाराष्ट्रास २६ जुलैचा म्हणून ठाऊक आहे. पण सांताक्रूझ वेधशाळेचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठास संपणाऱ्या चोवीस तासांचे आहेत, आणि नोंदीत ते २७ तारखेपुढे पडतात. दोन्ही तारखा खऱ्या, रीत निराळी. आमच्या घरी मोजणी साडेआठासच होते, परंतु आकडा मांडला जातो तो आदल्या तारखेपुढे, ज्या दिवशी पाऊस पडला त्या दिवशी. वडिलांपासून तसेच चालत आले होते. का, ते आम्ही कधी विचारले नाही. पुतणीने माळ्यावरून जुनी पहिली वही काढविली. तिच्या पहिल्याच पानावर वडिलांच्या रेखीव अक्षरात तो नियम लिहिलेला होता: पाऊस पडल्या दिवशी मांडला आहे, मोजल्या दिवशी नव्हे. वर्षानुवर्षे आम्ही आकडे लिहीत आलो, आणि हे पान एकदाही वाचले नव्हते.

उरलेल्या आठ-दहा दिवसांचीही झडती घेतली. त्यांतील काही दिवस सीमेवरचे होते. एकाकडे चौसष्ट आणि दुसऱ्याकडे पासष्ट असले की वर्ग बदलतो. दोन मापकांत एवढा भेद पडावयाचाच. एक दिवस मात्र लाजिरवाणा होता. आषाढी एकादशीस आम्ही सहकुटुंब पंढरपुरास गेलो होतो. परत आल्यावर मापकात साठलेले सारे पाणी मोजून एकाच दिवसापुढे मांडले, आणि मधल्या जागा रिकाम्या सोडल्या. टिपताना त्या रिकाम्या जागांची शून्ये झाली. शून्य म्हणजे पाऊस नव्हता. रिकामी जागा म्हणजे मोजणारा नव्हता. आमच्या वहीने त्या आठवड्यात कोरडे दिवस दाखविले आणि त्यांमागून एक अतिवृष्टी, आणि यांतील काहीच घडलेले नव्हते.

मंडळाच्या यादीत पुढच्या तारखेपुढे पाहिले तर पासष्टाच्या वरचा आकडा स्वच्छ उभा होता. ज्या नोंदीस आम्ही खोटी ठरविणार होतो तीच शेजाऱ्यांच्या बाजूची साक्ष होती. त्यांचा अर्ज अडला होता तो आमच्या कागदावरील तारखेने. दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो, चूक आमची असे सांगितले, आणि दुरुस्त अर्ज लिहून दिला. पुढील निर्णय पंचनाम्याचा. परंतु आमच्यामुळे त्यांचे पारडे हलके व्हावयाचे तेवढे टळले. ते वर्तमानपत्रास लिहिलेले पत्र चुलीत गेले. ते छापून आले असते तर इमानाने काम करणाऱ्या कोणा परक्या माणसास आमच्या वाचकांनी निष्काळजी ठरविले असते.

आता दुसरी गोष्ट. उत्साहाच्या भरात आम्ही म्हटले, आता शहापूर आणि मुरबाड यांच्या वह्या डिफपुढे ठेव, म्हणजे दादाच्या चुकाही सापडतील. पुतणीने मान हलविली. "ती एका पोथीची दोन हस्तलिखिते नाहीत, काका. त्या दोन निरनिराळ्या पोथ्या आहेत." तिचे म्हणणे यथार्थ होते. एकाच गोष्टीच्या दोन नोंदींत भेद पडला तर तो पाठभेद. दोन गावांच्या पावसात भेद पडला तर ते आकाशाचे वर्तन. त्याच २००५ सालच्या चोवीस तासांत सांताक्रूझास ९४४ मिलिमीटर झाले आणि कुलाब्यास अवघे ७३, आणि दोन्ही वेधशाळांत अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आतले. तेथे कोणी कोणाची चूक काढावयाची? अशा ठिकाणी तारीख तारखेशी जुळवून दोन स्तंभ एका ओळीत आणावयाचे आणि वजाबाकी करावयाची. त्यासाठी 'जॉइन' व 'ऑक' अशी याच जातीची दुसरी साधने आहेत. पैकी ऑक १९७७ साली त्याच प्रयोगशाळेत जन्मले, आणि आहो, वाइनबर्गर व कर्निगन या तिघा कर्त्यांच्या आद्याक्षरांवरून त्यास ते नाव पडले. वजाबाकीत काही दिवस शहापूर पुढे निघाले, काही दिवस मुरबाड. आणि दादांच्या वहीत काढण्यासारखी चूक एकही निघाली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या वजाबाकीस आम्ही करमणूक समजत नाही. हवामान विभागाने १९०१ सालापासूनचा देशाचा दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकटींत बसवून उपलब्ध केला आहे. हे फार मोठे कार्य आहे. पण पाव अंश म्हणजे सुमारे २७ किलोमीटर. तेवढ्या एका चौकटीत आमच्या भागातील कितीतरी गावे, पाडे आणि डोंगरउतार मावून जातात. माळशेजच्या कड्याखालचे खाचर आणि मुरबाडच्या बाजारपेठेतील अंगण यांचा पाऊस एक नव्हे. शहापूर तालुक्यातील तानसा १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवीत आहे, भातसाही त्याच तालुक्यात आहे, आणि वैशाखात त्याच तालुक्यातील पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. तालुक्याच्या एका सरासरीत हे काहीच दिसत नाही. गावची वही असेल तर निदान गावचा पाऊस तरी दिसतो. मात्र ती वही विश्वासार्ह असली पाहिजे.

म्हणून ज्या घरी पर्जन्यमापक असेल, अथवा या पावसाळ्यात कोणी बसविणार असेल, त्यांस अनुभवाने आलेले थोडे सांगणे आहे. मापक झाडापासून वा भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुपटीहून जवळ नसावा. मोजणी रोज एकाच वेळी, साडेआठास व्हावी, आणि आकडा कोणत्या तारखेपुढे मांडतो ते वहीच्या आरंभी लिहून ठेवावे. मोजणी चुकली तर त्या जागी शून्य न घालता 'मोजले नाही' असे लिहावे, आणि साठलेले पाणी किती दिवसांचे तेही नोंदवावे. वर्षाअखेर घरातील मुलामुलींकडून वहीची फाइल करवून ती जाहीर आकड्यांशी ताडून पाहावी. शाळेच्या सुटीत याहून चांगला उद्योग आम्हांस तरी सुचत नाही. आणि भेद सापडला तर तो प्रथम आपल्या वहीत शोधावा, मग दुसऱ्याच्या.

आमच्या वहीच्या रीतीत मात्र आम्ही बदल केलेला नाही. वडिलांनी घातलेली ती तशीच चालू आहे. फक्त यंदाच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा नियम पुतणीच्या हस्ताक्षरात पुन्हा लिहविला आहे, आणि त्याखाली एक ओळ वाढविली आहे: सरकारी तारीख हवी असल्यास एक दिवस पुढे मोजावा. शेजारी ओटीवर आले की हल्ली ते आधी ते पान उघडावयास सांगतात.